‘ओव्हरकोट’मध्ये बदलतं कोण?

निकोलाय गोगोलच्या ‘ओव्हरकोट’वर कुणी लिहायला बसलं की दोन वाक्यं आधी येतात. एक, ओव्हरकोट हे गरिबाच्या स्वप्नाचं प्रतीक आहे. दोन, अकाकी सुरुवातीला भित्रा असतो आणि शेवटी भूत होऊन सूड घेतो. दोन्ही खोटी नाहीत. एम.ए.च्या पेपरात त्यांना गुण मिळतात, दादर-पार्ल्याच्या वाचनगटात मानाही डोलतात. पण कोटाच्या कॉलरला कोणत्या जनावराची फर लावायची यावर जो लेखक थांबतो, त्याच्या कथेत ‘स्वप्न’ म्हणून शिक्का मारला की वाचायचं बरंच राहून जातं.

वाचलेली नसेल त्यांच्यासाठी कथानक. ही कथा १८४२ साली प्रसिद्ध झाली. सेंट पीटर्सबर्गच्या एका सरकारी खात्यात अकाकी अकाकियेविच बाश्माच्किन हा कारकून कागदांच्या नकला उतरवतो. त्याचा जुना कोट विरतो. पेत्रोविच नावाचा एका डोळ्याने अधू शिंपी दुरुस्तीला साफ नकार देतो. अकाकी पोटाला चिमटा काढून नवा कोट शिवतो आणि तो पहिल्याच रात्री लुटला जातो. पोलिसात दाद लागत नाही, एक बडं प्रस्थ त्याला झापून हाकलतं, थंडी बाधून तो मरतो. मग शहरात एक भूत लोकांच्या अंगावरचे कोट ओढून न्यायला लागतं. गोगोलने स्वतः तरुणपणी याच शहरात छोटी सरकारी नोकरी केली होती, त्यामुळे टेबल, बोनस, वरिष्ठांचा चेहरा हे सगळं पाहिलेलं आहे, ऐकीव नाही.

प्रतीकांच्या आधी पैशांचा हिशेब मांडावा. अकाकीचा पगार वर्षाला ४०० रूबल. पेत्रोविच पहिल्यांदा दीडशेच्या वरचा आकडा सांगतो, आणि भारी फरची कॉलर नि रेशमी अस्तराची टोपी लावली तर दोनशे. शेवटी सौदा ८० च्या आसपास ठरतो. म्हणजे वर्षाच्या पगाराचा पाचवा हिस्सा, जवळपास अडीच महिन्यांचा पगार. आज मुंबईत महिना तीस हजार घेणाऱ्या माणसाने एका कोटासाठी बहात्तर हजार मोजण्यासारखं. हे ८० येतात कुठून, तेही कथेत दिलेलं आहे. खर्च केलेल्या प्रत्येक रूबलामागे तांब्याचं एक बारीक नाणं तो फट पाडलेल्या पेटीत टाकायचा, दर सहा महिन्यांनी त्याची चांदीची मोड करून ठेवायचा. अशी काही वर्षांत चाळीसच्या वर शिल्लक. सणाचा बोनस ४० धरून चाललेला, पण तो पँट, चांभाराची उधारी, तीन सदरे यांना आधीच वाटून झालेला. साहेबाने अचानक ६० दिले, म्हणजे वरचे वीस मोकळे. उरलेले दोन-तीन महिने अर्धपोटी राहून. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय चोरीचा प्रसंग वाचूच नये. चोर काय घेऊन गेले ते त्याशिवाय कळत नाही.

मुंबईच्या वाचकाची आणखी एक अडचण असते: थंडी. इथे जानेवारीत पहाटे पारा पंधरा-सोळावर आला की वर्तमानपत्रात बातमी होते. त्यामुळे कोट म्हटलं की आपल्या मनात चैन येते, लग्नातला सूट येतो. ‘ऐपत नसताना हौस केली, फळ भोगलं’ असा अर्थ लावणारे लोक इथेच घसरतात. पीटर्सबर्गचा गारठा या कथेत एक पात्रच आहे. सकाळी कारकून ऑफिसला निघण्याच्या वेळेला तो नेमका रस्त्यात गाठतो आणि नाकांवर असे चिमटे काढतो की नाक कुठे लपवावं कळत नाही. तेव्हा या कोटाला आपल्याकडचा जुळणारा शब्द शोधायचा तर तो जुलैतल्या छत्रीचा आहे, सुटाचा नाही. हौस नंतर येते, आणि ती कशी येते तिथेच कथेचा जीव आहे.

अकाकीचं पद ‘टिट्युलर कौन्सिलर’, रशियाच्या सरकारी हुद्द्यांच्या १७२२ च्या दर्जापत्रकात चौदांपैकी नववं. कथा प्रसिद्ध झाली त्या काळात आठव्या पायरीवर गेलं की वंशपरंपरागत सरदारकी मिळायची. नवव्यावर जन्म काढणारा माणूस हे त्यामुळे तिकडच्या विनोदी लेखकांचं ठरलेलं गिऱ्हाईक. गोगोल सुरुवातीला त्या विनोदात सामील झाल्यासारखा बोलतो. निवेदकाचा हा सूर ध्यानात ठेवा, पुढे तो वाचकालाच अडचणीत आणतो.

आता पात्रातला बदल. तो मोजायला विशेषणं कामाची नाहीत. ‘भित्रा’, ‘धीट’, ‘दुःखी’ हे निष्कर्ष झाले. लेखकाने एखादी सवय सुरुवातीला पक्की करून दिलेली असते, तिच्यावर बोट ठेवून प्रत्येक टप्प्यावर तिचं काय झालं ते पाहायचं. अकाकीची ती सवय म्हणजे नक्कल उतरवणं. तो ते काम प्रेमाने करतो. काही अक्षरं त्याची लाडकी आहेत, ती आली की तो स्वतःशी हसतो, डोळे मिचकावतो, ओठ हलवतो. रस्त्याने चालताना त्याला रस्ता दिसत नाही, स्वतःच्या सरळ ओळी दिसतात. घरी कोबीचं सूप त्यात पडलेल्या माश्यांसकट गिळतो आणि पुन्हा नकला काढायला बसतो, काम नसेल तर स्वतःपुरती एखादी जास्तीची. एकदा एका भल्या साहेबाने त्याला जरा वरचं काम दिलं: तयार कागदाचा मथळा बदलायचा आणि काही क्रियापदं प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात न्यायची. अकाकीला घाम फुटला. कपाळ पुसत तो म्हणाला, त्यापेक्षा मला काहीतरी उतरवायलाच द्या.

या प्रसंगाला पेन्सिलने चौकट करा. ‘मी’ काढून ‘तो’ घालायचा, एवढंच काम होतं. जो माणूस स्वतःच्या वतीने कधी काही म्हणालाच नाही, त्याला एवढं व्याकरणही पेलत नाही. पुढे ज्या ज्या ठिकाणी नकलेत खंड पडतो, तिथे बदल आहे.

पहिला खंड कोट येण्याच्या आधीच पडतो, आणि बहुतेकांच्या नजरेतून तो निसटतो. कोट शिवायचा ठरल्यावर अकाकी संध्याकाळचा चहा बंद करतो, मेणबत्ती लावत नाही, लागलंच काही काम तर घरमालकिणीच्या खोलीत तिच्या उजेडात करतो. सोल झिजू नयेत म्हणून फरसबंदीवरून जवळपास चवड्यांवर चालतो. कपडे धोब्याकडे कमी टाकायचे, म्हणून घरी आल्या आल्या ते उतरवून एका जुन्या सुती झग्यावर बसतो. हे वाचताना कीव यावी अशी तयारी झालेली असते. आणि तिथेच गोगोल सांगतो की या उपासमारीत अकाकी जास्त जिवंत झाला, ठाम झाला, जणू लग्न केलं असावं, जणू कुणी जोडीदार आता सोबत चालतोय. मनातली धरसोड गेली, डोळ्यांत कधी कधी चमक यायला लागली, आणि कॉलरला मार्टेनचीच (मुंगसासारख्या प्राण्याची, महागडी) फर लावली तर, असा धाडसी विचारही येऊन गेला. या विचारांच्या भरात एकदा नक्कल उतरवताना त्याच्या हातून चूक होता होता राहिली. तो दचकला, छातीवर क्रूस काढला.

कोट अजून शिवलेला नाही, कापडही घेतलेलं नाही, तरी माणूस बदललाय. म्हणजे त्याला बदलणारी गोष्ट कापड नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे ‘पुढच्या महिन्यात’ असं काहीतरी आहे. नकलेला उद्या नसतो, ती कालच्यासारखीच आज उतरते. कोटाला उद्या आहे. त्याच्याबरोबर लाज, हौस, भीती, खोटेपणा असं सगळं आत शिरतं. खोटेपणाही: मार्टेन परवडत नाही म्हणून दुकानातलं सगळ्यात चांगलं मांजर निवडलं जातं, लांबून मार्टेन वाटेल असं. मला ही कथेतली सगळ्यात निर्दय ओळ वाटते, कारण त्या ‘लांबून’मध्ये दुसऱ्यांच्या नजरा आल्या. जुन्या कोटाच्या वेळी अकाकीला कुणाच्या नजरेची पर्वाच नव्हती.

नंतरचा खंड मोठा आहे आणि आनंदाचा आहे. कोट आला त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर अकाकी काहीच उतरवत नाही, अंथरुणावर लोळतो. कोटाच्या निमित्ताने ठरलेल्या मेजवानीला जाताना एका दुकानाच्या काचेत बूट काढणाऱ्या बाईचं चित्र पाहून थांबतो, हसतो. परत येताना एका बाईच्या मागे दोन पावलं धावल्यासारखं करतो, का ते त्याचं त्यालाच कळत नाही. बेचव वाटणारा हा तपशील परीक्षेच्या उत्तरात कुणी घेत नाही. घ्यायला हवा. वरपासून खालपर्यंत झाकलेल्या माणसात इच्छा कशी कुठल्याही दिशेने फुटते ते तिथे दिसतं.

लुटीनंतरचा बदल आणखी ठळक आहे. तो एक दिवस ऑफिसला जात नाही, आयुष्यात पहिल्यांदाच. पोलीस अधिकाऱ्याकडे कारकून आत सोडेनात तेव्हा, निवेदकाच्या शब्दांत, जन्मात एकदा त्याने स्वभाव दाखवला: सरकारी कामासाठी आलोय, अडवलंत तर तक्रार करीन म्हणाला. आणि तापाच्या भ्रमात आधी साहेबांची माफी मागतो, मग त्यांना अशा शिव्या देतो की म्हातारी घरमालकीण क्रूस काढत बसते, कारण त्या शिव्या थेट ‘महाराज’ या संबोधनाला लागून येत असतात. नकला काढणाऱ्याची स्वतःची पहिली रचना म्हणजे शिवी. तो मेल्यावर मागे काय उरलं त्याची यादी आहे: पिसांच्या लेखण्यांची एक जुडी, कोऱ्या सरकारी कागदाचा एक दस्ता, तीन जोड मोजे, पँटची दोन-तीन बटणं आणि तो जुना कोट. ऑफिसात काही दिवसांनी खबर लागते. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा कारकून, उंच, आणि अक्षर बरंच तिरकं. सरळ अक्षर गेलं, तिरकं आलं, काम चालू. अकाकीच्या बदलाची जगाने घेतलेली नोंद एवढीच.

आता कोट. त्याला एकच अर्थ चिकटवला की पुढे वाचता येत नाही, कारण कथेत कोट एक नाहीच. तो जिथे जिथे येतो तिथे समासात खूण करा आणि शेजारी लिहा, इथे तो काय करतोय. ‘कशाचं प्रतीक’ हा प्रश्न त्या खुणा पुऱ्या होईपर्यंत बाजूला ठेवा.

जुन्या कोटाची कॉलर दरवर्षी लहान होत गेलेली आहे, कारण तिचंच कापड कापून बाकीच्या ठिगळांना लावलं जातंय. सहकारी त्याला कोट म्हणायलाही तयार नाहीत, बायकी झगा म्हणून चिडवतात. स्वतःलाच खात टिकून राहणारा कोट आणि स्वतःवर काही खर्च न करणारा माणूस. इथे दोघं एकच आहेत, जुळवून सांगायचीही गरज नाही. पेत्रोविच जेव्हा म्हणतो की याला टाका घालायला गेलं तर सुईबरोबर कापड निघून येईल, तेव्हा तो अकाकीबद्दलच बोलतोय असं वाचून पाहा.

कल्पनेतला कोट सोबती आहे, ते वर आलं. प्रत्यक्षातला नवा कोट पेत्रोविच रुमालात गुंडाळून आणतो, अंगावर चढवतो, मग रस्त्यावर मागून बराच वेळ बघत राहतो आणि आडव्या बोळातून धावत पुढे जाऊन पुन्हा समोरून बघतो. शिंप्याला स्वतःचं काम बघायचंय. माणूस हा खिळा, कोट ही वस्तू. ऑफिसातही तेच: सगळे कोटाचं अभिनंदन करतात, कोटासाठी पार्टी मागतात, कोट आला म्हणून अकाकीला आमंत्रण मिळतं. मेजवानीत सगळे पुन्हा एकदा कोट बघायला उठतात, आणि मग कोट नि माणूस दोघांना सोडून पत्त्यांच्या टेबलाकडे वळतात. निघताना अकाकीला तो कोट बाहेरच्या खोलीत जमिनीवर पडलेला सापडतो. तो झटकतो, एक एक तूस वेचून काढतो, अंगावर घालतो. त्या खोलीत बीव्हरच्या कॉलरचे, मखमली पट्ट्यांचे कोटही होते. खाली पडला तो याचा. चोरी तिथेच अर्धी होऊन गेली, चोर नंतर आले.

प्रकाशाकडे एक नजर टाकली तरी पुरे. मेजवानीला जाताना अंधाऱ्या वस्तीतून दिवे वाढत जातात, येताना कमी होत जातात, आणि शेवटी तो भयाण ओसाड चौक. अकाकी तो डोळे मिटून ओलांडायला लागतो. बाकी वाचक स्वतः शोधेल.

जास्त वेळ द्यावा असं प्रतीक कोट नाही, पेत्रोविचची तपकिरीची डबी आहे. ‘ओव्हरकोट’वर लिहिताना तिला सोडून जाणं हा माझ्या मते सगळ्यात मोठा तोटा. डबीच्या झाकणावर कुणा जनरलचं चित्र होतं. कोणता जनरल ते कळत नाही, कारण जिथे चेहरा होता तिथे बोट लागून लागून भोक पडलं आणि वर कागदाचा चौकोनी तुकडा चिकटवला. अकाकी पेत्रोविचच्या तोंडून ‘नवा’ हा शब्द ऐकतो तेव्हा खोलीतलं सगळं त्याच्या डोळ्यांपुढे धूसर होतं, फक्त तो कागद चिकटवलेल्या चेहऱ्याचा जनरल तेवढा स्पष्ट दिसतो. सहसा वाचक हसून पुढे जातो.

पुढे काय येतं पाहा. कोट गेल्यावर सहकारी वर्गणी काढतात, पण फारच थोडी जमते, कारण ते आधीच खात्याच्या संचालकाच्या तसबिरीसाठी पैसे देऊन बसलेत. चित्रातल्या साहेबाला पैसे आहेत. मग ते बडं प्रस्थ येतं, ज्याला कथेत नाव नाही, फक्त दर्जा आहे: जनरल. हा दर्जाही त्याला नुकताच मिळालाय आणि त्याआधी तो बडं प्रस्थ नव्हता, असं निवेदक मुद्दाम नोंदवतो. हाताखालच्यांना दरडावण्याची त्याची तीन ठरलेली वाक्यं आहेत, आणि ती म्हणायचा करडा आवाज त्याने ही जागा मिळण्याच्या आठवडाभर आधी खोलीत आरशासमोर घोटून घेतलेला आहे. म्हणजे तोही नक्कलच करतोय. चेहऱ्याच्या जागी कागद असलेला जनरल डबीवरून उठून खुर्चीत बसलाय. अकाकी त्याच्यासमोर उभा राहतो तेव्हा तो म्हणतो, आधी अर्ज ऑफिसात द्यायचा, तिथून तो टेबलप्रमुखाकडे, मग विभागप्रमुखाकडे, मग सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी तो माझ्याकडे आणेल. मंत्रालयात किंवा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात ‘थ्रू प्रॉपर चॅनल’ हे शब्द ऐकलेल्या कुणालाही या उताऱ्याची तळटीप लागणार नाही. अकाकी धीर करून सांगतो की सेक्रेटरी लोकांचा भरवसा नाही. खरं बोलतो, आणि त्याच वाक्याने मरतो. हे सगळं झापणं मुळात शेजारी बसलेल्या बालमित्रावर छाप पाडण्यासाठी आहे हेही सोडू नका.

तपकीर पुढे आणखी एकदा येते. एका गल्लीत पहारेकरी भुताला पकडतो, दोघांच्या ताब्यात देतो आणि बुटातून डबी काढून चिमूट ओढायला जातो. तपकीर इतकी जहाल की भूत शिंकतं, तिघांचे डोळे भरतात, ते पुसेपर्यंत भूत गायब. झाकणावरच्या जनरलपासून सुरू झालेला धागा इथे निव्वळ विनोदात संपवलाय. प्रत्येक प्रतीकाला गंभीर शेवट असतो असं धरून चालणाऱ्यांची गोगोल अशी फजिती करतो.

मूळ प्रश्नावर येऊ. कथेत खरोखर टिकणारा बदल कुणात होतो? अकाकीत नाही, त्याला तेवढा वेळच मिळत नाही. दोन माणसं बदलतात, एक अगदी सुरुवातीला, एक अगदी शेवटी.

पहिला माणूस नवा लागलेला तरुण कारकून. इतरांच्या नादाने तोही अकाकीची टिंगल करत असतो. छळ हाताबाहेर गेला की अकाकी एवढंच म्हणतो की मला सोडा, का त्रास देता. त्या तरुणाला त्या शब्दांत दुसरे शब्द ऐकू येतात: मी तुझा भाऊ आहे. तो थबकतो, आणि पुढे आयुष्यभर ऐन मजेच्या क्षणी त्याला तो टक्कल पडलेला बुटका माणूस आठवून तो तोंड झाकून घेत राहतो. हा उतारा कथेच्या पहिल्या काही पानांत येतो आणि तो तरुण पुन्हा कधीच दिसत नाही. उताऱ्याचा सूर आजूबाजूच्या थट्टेपेक्षा इतका वेगळा आहे की काहींना तो चिकटवलेला वाटतो. मला तो वाचकासाठी लावलेला सापळा वाटतो. नावाची गंमत, माश्या पडलेलं सूप, टक्कल यांवर आपण निवेदकाबरोबर हसत आलेले असतो, म्हणजे आपणही त्या ऑफिसातलेच. तिथे आपल्याला थांबवलं जातं, आणि लगेच पुन्हा हसायला सोडलं जातं.

दुसरा माणूस तो जनरल. त्याचा प्रसंग अकाकीच्या लुटीच्या रात्रीसमोर आरसा धरल्यासारखा रचलाय, आणि हे दोन उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचले की विश्लेषणाचं अर्धं काम होतं. अकाकी मेजवानीत शॅम्पेनचे दोन ग्लास पितो, जनरलही दोनच. दोघांची कळी खुलते. अकाकी अनोळखी बाईमागे दोन पावलं धावतो, जनरल घरी न जाता ओळखीच्या कॅरोलिना इवानोव्हनाकडे निघतो. दोघांना रात्री उघड्यावर गाठलं जातं. अकाकीला चोर म्हणतात, हा कोट माझा आहे, आणि त्याची कॉलर पकडतात. भूतही जनरलची कॉलर पकडतं आणि म्हणतं, तुझाच कोट मला हवा. माझ्या कोटासाठी काही केलं नाहीस, वर झापलंस, आता काढ तुझा. जनरल स्वतःच घाईघाईने कोट उतरवून देतो, भीतीने अर्धमेला होऊन घरी पोचतो.

त्यानंतर तो किती बदलतो, ते गोगोलने अगदी मापून दिलंय. ती ठरलेली वाक्यं तो फार कमी वेळा म्हणायला लागला, आणि म्हटलीच तर आधी काय प्रकरण आहे ते ऐकून घेतल्यावर. एवढंच. साधू झाला नाही, राजीनामा दिला नाही, झापणं थांबवलं नाही. फक्त ऐकणं आधी आलं, ओरडणं नंतर. उत्तरात ‘हृदयपरिवर्तन झाले’ असं लिहिणारे हा तपशील पुसून टाकतात. तरुण कारकुनाला शब्द ऐकून जे कळलं त्याचा अर्धा भाग कळायला जनरलला मेलेल्या माणसाचा हात कॉलरवर पडावा लागला. हे प्रमाण हाच कथेचा राग आहे.

त्या रात्रीनंतर भूत दिसेनासं झालं. निवेदक म्हणतो, जनरलचा कोट त्याला अंगाबरोबर बसला असावा. नवव्या पायरीवरच्या माणसाला जनरलचा कोट बरोबर बसतो, एवढं म्हणून तो पुढे सरकतो. पण तिथेही थांबत नाही. शहरात दुसरीकडे आणखी एक भूत दिसतं, ते मात्र फार उंच, प्रचंड मिशांचं, आणि पहारेकऱ्याला अशी मूठ दाखवतं की जिवंत माणसात तशी सापडू नये. अकाकीला लुटणाऱ्यांनाही मिशा होत्या आणि त्याच्या तोंडासमोर धरलेली मूठ डोक्याएवढी होती. म्हणजे हे भूत बहुधा चोर. शेवट सुडावर बंद करायचा असता तर गोगोलने हा परिच्छेद लिहिला नसता. चोर मोकळे आहेत आणि पहारेकरी घाबरून मागे फिरलाय.

लिहिताना नेहमी कुठे गाडी अडकते ते सांगतो. निम्मं उत्तर कथानकात जातं, कारण गोष्ट सांगणं सोपं आहे. तपासणाऱ्याने ती वाचलेली आहे, चार ओळींत उरकावी. दुसरं, भुताचा भाग ‘अद्भुतरम्य’ असा शेरा मारून वेगळा काढला जातो. तसं केलं की जनरलचा बदल आणि दोन ग्लासांची जुळणी दोन्ही हातातून जातात. तिसरं, सगळ्या रशियन कथाकारांचा उगम याच कथेतून झाला अशा अर्थाचं एक वाक्य दोस्तोव्हस्कीच्या नावावर ठोकून दिलं जातं. त्याच्या लेखनात ते सापडत नाही, उत्तराची सुरुवात त्याने करू नका. आणि प्रतीकाचा प्रत्येक दावा करताना त्या वस्तूच्या निदान दोन वेगळ्या जागा दाखवता यायला हव्यात. एकाच जागी आलेली वस्तू बहुतेक वेळा नुसती वस्तू असते. मोजे हे मोजेच आहेत.

शेवटी प्रतीची गोष्ट. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत ही कथा संक्षिप्त रूपातही फिरते, आणि संक्षेप करणारा नेमकं तेच कापतो ज्यावर वरचं सगळं उभं आहे. पुस्तक हातात घेतल्यावर तरुण कारकुनाचा उतारा, क्रियापदं बदलण्याचं काम, डबीचं झाकण, मिशीवालं भूत या चार जागा आधी चाळा. एखादी नसेल तर दुसरी प्रत शोधा. अनुवाद पुरा असला तरी अकाकीच्या बोलण्याकडे पाहा. तो जवळपास कधीच वाक्य पुरं करत नाही, ‘म्हणजे ते’, ‘तसं काही’ अशा तुकड्यांत अडखळतो. कॉलर पकडल्यावर भुताच्या तोंडी त्यातलाच एक तुकडा मुळात आहे, आणि त्याच वाक्यात जनरलला ‘तू’ म्हटलंय. अनुवादकाने नीटनेटक्या मराठीत ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ घातलं असेल, तर त्या एका ओळीपुरती तरी दुसऱ्या अनुवादाशी ताडून पाहा.